वय झालं म्हणायचं नाही

सूनबाई माझी कोणी लागत नाही. तरी मी तिला सूनबाईच म्हणते, कारण तिचे सासरे तिला तशी हाक मारतात आणि आठवड्यातून तीनदा मी त्यांच्या मागच्या सीटवर बसते. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे. पण त्या नावाने हाक मारली तर ती आधी इकडेतिकडे बघते, मग तिच्या लक्षात येतं की हे आपल्यालाच. तिच्याकडे एक जुनी डिझेलची व्हॅन आहे. त्या व्हॅनमधून ती आम्हा तिघांना डायलिसिसला नेते आणि संध्याकाळच्या आत ज्याला त्याला दारात आणून सोडते.

तिघं म्हणजे तिचे सासरे, मी आणि पैलवान. सासऱ्यांना आम्ही नळवाले म्हणतो, कारण त्यांनी जन्मभर प्लंबिंगचं काम केलं. अर्ध्या गावाच्या स्वयंपाकघरात पाणी आणलं त्यांनी, आणि आता डॉक्टरांनी त्यांनाच पाणी मापून दिलंय. ‘शरीरात दोन फिल्टर होते, दोन्ही बसले. बदली पार्ट मिळत नाही,’ असं ते कोणी विचारलं की सांगतात. पैलवान कधी आखाड्यात उतरलेला नाही. तो इतका काटकुळा आहे की सिस्टरला त्याची शीर शोधावी लागत नाही, नुसती दिसतेच. म्हणून तो पैलवान. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. किडन्या गेल्या, पण कान शाबूत आहेत आणि जीभही. नाक जरा जास्तच शाबूत, म्हणून डिझेलचा वास आला की मला मळमळतं.

आमचं हॉस्पिटल टेकडीवर आहे. आजारी माणसांसाठी टेकडी निवडणारा जो कोण शहाणा असेल त्याला एकदा काठी घेऊन तो चढ चढायला लावला पाहिजे. सात वळणांचा रस्ता आहे, आणि मधे कुठेही सपाट जागा नाही. सूनबाईची व्हॅन तो चढ कुरकुरत का होईना, पण वर्षानुवर्षं चढत आली होती. आणि मग एका सकाळी पाचव्या वळणावर तिचा दम गेला.

बंद नाही पडली. बंद पडली असती तर निदान समजलं असतं. सूनबाईने पाय दाबला, आणखी दाबला, पण गाडी आपली पुढे जाण्याचा नुसता विचार करत राहिली. इंजिनाचा आवाज खोल खोल गेला. मागून एक माणूस सायकल हातात धरून चालत येत होता, त्याने आम्हाला ओलांडलं. जाता जाता त्याने खिडकीतून आत बघितलं आणि सहानुभूतीने मान हलवली.

पैलवान म्हणाला, ‘सूनबाई, त्याला विचार, दोरी आहे का.’

सूनबाई हसली नाही. तिने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, थोडा वेळ थांबली आणि पुन्हा चालू केलं. कशीबशी रखडत आम्ही वर पोहोचलो, तोवर आमच्या मशिनांवर दुसरी माणसं झोपलेली होती. दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसलो.

हे एकदा झालं असतं तर विसरून गेलो असतो. पण मग ते होतच राहिलं. कधी शेवटच्या वळणावर, कधी तिसऱ्या, आणि एखाद्या दिवशी काहीच नाही, गाडी शहाण्या मुलीसारखी वर. डायलिसिसच्या सिस्टर मनाने चांगल्या, पण त्यांच्याकडे मशिनं कमी आणि माणसं जास्त. त्यांनी एक दिवस सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, तेही इतक्या मोठ्याने की मला ऐकू यावं.

‘हे बघ, सकाळच्या वेळेसाठी लोक रांगेत आहेत. आता आणखी एकदा उशीर झाला तर तुमच्या तिन्ही जागा मला द्याव्या लागतील. मग तुम्हाला शहरातल्या सेंटरला जावं लागेल. माझा नाइलाज आहे.’

शहरातलं सेंटर म्हणजे गाडीने अर्धा दिवस. सूनबाईचा नवरा लांब नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. माझ्या घरी मी आणि भिंती. पैलवानाचा मुलगा आहे, पण तो असून नसल्यासारखा. म्हणजे त्या गाडीचा दम गेला की आमची वाट बंद, आणि डायलिसिसची वाट बंद झाली की पुढे काय, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई गॅरेजला गेली. गॅरेज माझ्या घरासमोरच आहे, त्यामुळे मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. चौकसपणा म्हणा हवं तर. माझ्या जिवाचा प्रश्न होता, मला तेवढा हक्क होता.

गॅरेजवाला भला माणूस. त्याने आपल्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. या गाडीचा डिझेलचा काटा कधीचाच मेलेला, म्हणून तो आधी टाकीचं टोपण काढून आत पट्टी बुडवून बघतो, तेल किती आहे ते. मग त्याने गाडी चालवत एक मोठा फेरा मारला, पुलापर्यंत जाऊन आला. गाडी झकास पळाली.

‘ताई, मला तर काही जाणवत नाही,’ तो म्हणाला.

‘माझ्यासमोर आजारी पडते आणि तुमच्यासमोर बरी होते,’ सूनबाई म्हणाली.

‘मग असं समजा, वय झालंय तिचं. जुनं इंजिन आहे, आतून झिजलं असणार. उतरवू या. दोन आठवडे लागतील.’

मला गॅलरीतून सूनबाईची फक्त पाठ दिसत होती. पण ती पाठ कशी ताठ झाली ते मी बघितलं.

‘दादा, वय झालं हे कारण नाही,’ ती म्हणाली. ‘ती सबब आहे. काय बिघडलंय ते आधी कळू दे. मग काय उतरवायचं ते उतरवा.’

हे ती गाडीबद्दल बोलत होती आणि नव्हतीही. नळवाल्यांचे पाय सुजायला लागले, जेवण जाईना, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा जो तो म्हणाला वय झालं. एका डॉक्टरने म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं, पोटच्या मुलानेही म्हटलं. स्वतः नळवाल्यांनीही मान्य करून टाकलं. रक्त तपासायचं कोणाला सुचलं नाही. सूनबाईला शंका होती, पण तेव्हा ती नवीन होती, गप्प बसली. शेवटी तपासलं तोवर दोन्ही किडन्या हातच्या गेलेल्या. एरवी तिच्याइतकी शांत बाई नाही, पण ‘वय झालं’ हे दोन शब्द तिच्यासमोर काढायची सोय नाही. मला तिचा हा स्वभाव आवडतो. माझं सगळं आयुष्य ‘लाइन बिझी आहे’ असं सांगून लोकांना गप्प करण्यात गेलं, त्यामुळे मला सबब चांगली ओळखता येते.

मग तिने चंग बांधला. तिची रीत साधी होती: एका वेळी एकच गोष्ट करायची, आणि मग चढावर जाऊन बघायचं. गॅरेजवाला म्हणायचा, सगळं एकदम बदलू. ती म्हणायची, सगळं एकदम बदललं तर कशाने बरी झाली ते कसं कळणार?

पहिल्यांदा तिने हवेचा फिल्टर काढला. धुळीने भरलेला निघाला, तेव्हा आम्हाला वाटलं सापडलं. नवा बसवला. गाडी चौथ्या वळणावर थांबली. त्या दिवशी थोडक्यात वाचलो, कारण सिस्टरचं घड्याळ मागे होतं. ते आपोआप मागे पडलं होतं की त्यांनी पाडलं होतं, हे मी विचारलं नाही.

नंतर अॅक्सिलरेटर. या जुन्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे पत्र्याच्या पेटीखाली असतं. पेटी उचलली की इंजिन मांडीशीच. सूनबाईने पेटी उचलली, पैलवानाला आपल्या जागी बसवलं आणि पाय दाबायला सांगितलं, म्हणजे तार शेवटपर्यंत ओढली जाते का ते तिला दिसेल. पैलवानाने आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसून पाय दाबला. सगळ्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

‘पूर्ण दाबा!’ सूनबाई ओरडली.

‘पूर्णच दाबलाय! माझ्यात एवढंच वजन आहे!’

तार बरोबर होती. मग गॅरेजवाला स्वतःच एक दिवस आमच्याबरोबर चढावर आला, दुकान बंद ठेवून. निघताना त्याने सवयीने टोपण काढून पट्टी बुडवली, आणि गाडी शिट्टी वाजवत वर गेली. तो बिचारा ओशाळला. पण परतताना त्याने सूनबाईला एक प्रश्न विचारला. ‘दम जातो तेव्हा मागे धूर कसला असतो?’

‘धूर नसतोच. मी आरशात बघते ना.’

‘काळा धूर नसेल तर हवा कमी नाही, तेल कमी पडतंय. डिझेलच पोहोचत नाही इंजिनाला.’

ही पहिली खरी बातमी. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते अजून कळलं नव्हतं, पण कुठल्या तबेल्यात ते कळलं. त्याने डिझेलचा फिल्टर बदलला, टाकीचं टोपण उघडं टाकून पाइपात हवेचा फवारा मारला आणि पाइप साफ केला. पुढच्या खेपेला गाडी अशी वर गेली की पैलवानाने खिडकीतून हात काढून लोकांना टाटा केला. नळवाल्यांनी समोरच्या काचेला नमस्कार केला. सिस्टरने चकित होऊन घड्याळाकडे पाहिलं.

त्याच्या पुढच्या खेपेला दुसऱ्या वळणावर दम गेला.

मी त्या दिवशी सूनबाईला पहिल्यांदा रडताना पाहिलं. म्हणजे रडली असं नाही म्हणता येणार. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तशीच बसली. नळवाले शेजारच्या सीटवर होते. त्यांनी हात पुढे केला आणि परत घेतला. मग ती उठली, नाक पुसलं, खाली उतरली आणि चाकाला एक लाथ घातली. परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखा होता.

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘फिल्टर नाही. एक गोष्ट कमी झाली.’

त्या दिवशी एका ट्रकवाल्याने ओढत वर नेलं आणि सिस्टरने ‘ही शेवटची सवलत’ असं बोट दाखवून सांगितलं.

गॅरेजवाल्याने आता दोन गोष्टी केल्या. इंजिनापाशी येणाऱ्या डिझेलच्या पाइपाचा एक तुकडा काढून तिथे मऊ पारदर्शक नळी बसवली. नळीत बुडबुडे दिसले तर समजायचं पाइप कुठेतरी हवा ओढतोय. आणि दुसरं म्हणजे, टाकी नेहमी फुल ठेवायला सांगितली. ‘तळाशी गाळ असेल तर तेल कमी झाल्यावर तो वर ओढला जातो,’ तो म्हणाला. बोलणं पटण्यासारखं होतं.

म्हणून त्या सकाळी, म्हणजे ज्या सकाळी उशीर करून चालणारच नव्हता त्या सकाळी, आम्ही आधी पंपावर गेलो. पंपावरच्या माणसाने टोपण फिरवलं आणि ‘सुस्स्स’ असा लांब आवाज झाला. हा आवाज मी हल्ली प्रत्येक वेळी ऐकत होते. मला वाटायचं, गाडीसुद्धा आमच्यासारखी सुस्कारे टाकते. मी तसं बोललेही होते, आणि पैलवान हसलाही होता. एक्स्चेंजमध्ये वरिष्ठ सांगायचे, ऑपरेटरने ऐकायचं, अर्थ लावायचा नाही. ती सवय जात नाही.

आणखी एक गोष्ट मला हल्ली जाणवत होती. गाडीत पूर्वीसारखा डिझेलचा वास येत नव्हता. मळमळ थांबली होती. मी मनात म्हटलं, चला, नाकही गेलं. वय झालं.

टाकी गळ्यापर्यंत भरली. टोपण घट्ट बसलं. आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर गाडी मजेत होती. सूनबाईने पत्र्याची पेटी काढून मागे ठेवली होती, इंजिन धडधडत होतं आणि नळवाल्यांना तिने सांगितलं होतं, ‘बाबा, तुम्ही नळीकडे बघत बसा. बुडबुडे दिसले की सांगा. हात लावायचा नाही.’

हात लावायचा नाही, हे ती त्यांना दिवसातून दहादा सांगते. त्यांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे, त्या हाताने काही उचलायचं नाही, काही पिळायचं नाही. ज्या माणसाने जन्मभर पाना फिरवला त्याला हे किती जड जात असेल! घरात नळ ठिबकला तरी ते खुर्चीत बसून दुसऱ्याला सूचना देतात, आणि दुसरा करतो ते बघून कपाळाला हात लावतात.

पहिलं वळण आलं. टाकी फुल आणि पहिल्याच वळणावर आवाज खोल गेला.

‘पहिल्याच?’ पैलवान म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

‘बुडबुडे?’ सूनबाईने विचारलं. तिचा पाय पूर्ण खाली होता.

‘एकही नाही,’ नळवाले म्हणाले. मग ते पुढे वाकले. ‘पण सूनबाई, नळी चिमटलीय.’

‘म्हणजे?’

‘चपटी झालीय गं. दोन्ही बाजूंनी आत ओढली गेलीय. इंजिन जोर लावून ओढतंय आणि मागून कोणी सोडत नाही.’

गाडी आता चालण्याच्या वेगाने सरकत होती. मागून हॉर्न वाजायला लागले. सूनबाई दात ओठ खात समोर बघत बोलायला लागली, आम्हाला नाही, स्वतःलाच. ‘गाळ असता तर टाकी रिकामी असताना त्रास झाला असता. फुल असताना कमी व्हायला हवा. हा तर वाढला. फुल टाकीत जास्त त्रास. का? फुल टाकीत काय कमी असतं?’

‘वारा,’ नळवाले म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले जसं कोणी पत्ता सांगतं. आणि मग त्यांचा प्लंबर जागा झाला. ‘तेल बाहेर जायचं तर तितकाच वारा आत यायला पाहिजे ना. गच्चीवरच्या टाकीला मी नेहमी वर एक नळी सोडायचो. ती नसली तर नळाला पाणी येत नाही, मग टाकी कितीही भरलेली असो. डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडकतं, दुसरं पाडलं की धार लागते. या टाकीलाही कुठेतरी भोक असणारच. वारा घ्यायला. टोपणातच असतं ते, बारीक, आतल्या बाजूने...’

आणि ते बोलायचे थांबले.

मी त्यांच्या मागेच बसते. त्यांची मान मला रोज दिसते. ती मान हळूहळू खाली गेली.

‘बाबा?’ सूनबाई म्हणाली.

‘गाडी थांबव.’

‘बाबा, इथे थांबलो तर—’

‘थांबव म्हणतो ना!’

तिने थांबवली. नळवाले स्वतः दार उघडून उतरले. त्यांना चालताना आधार लागतो, पण त्या वेळी त्यांनी कोणाचा घेतला नाही, गाडीच्या पत्र्याला धरून मागे गेले. सूनबाई हँडब्रेक ओढून धावली. मीही उतरले, कारण आता गाडीत बसून राहणं शक्यच नव्हतं.

त्यांनी उजव्या हाताने टोपण फिरवलं. सुस्स्स. यावेळी मी नीट ऐकलं. तो सुस्कारा नव्हता. तो आत जाणारा वारा होता, कोणी खूप वेळ पाण्याखाली राहून वर आल्यावर घेतं तसा श्वास.

त्यांनी टोपण उलटं केलं. आतल्या बाजूला पांढऱ्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, एक गोळा बसवलेला होता, कडेने बोटाने सारखा केलेला, वर दोन वेढे पांढऱ्या टेपचे. इतकं सफाईचं काम गॅरेजवाल्याचं नव्हतं. शेवटचा वेढा किंचित दुमडलेला, म्हणजे पुढे कोणाला सोडवायचा झाला तर टोक सापडावं.

‘हे मी केलंय,’ नळवाले म्हणाले.

एक ट्रक हॉर्न मारत गेला.

‘या बाईंना वासाने ओकाऱ्या व्हायच्या. वास इथून येत होता, शिवाय वळणावर तेल पाझरायचं. तू दुपारी झोपली होतीस. भोक दिसलं की बुजवायचं, हाताला तेच वळण लागलंय. मला वाटलं, एवढं तरी काम मला...’ त्यांनी टोपण हातात फिरवलं. ‘तिघांचा जीव टांगणीला लावला मी. आणि रोज पुढच्या सीटवर बसून विचार करतोय, गाडीला काय झालं असेल! सूनबाई, माझं आता डोकं चालत नाही. वय झालं माझं.’

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि फार रागही आला. राग माझ्या नाकाचा. एवढ्या जगात मळमळायला मला डिझेलच सापडलं!

सूनबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तोच होता, गॅरेजमधला.

‘बाबा, वय झालं म्हणायचं नाही. या गाडीत कोणीच म्हणायचं नाही. चूक झाली तर चूक म्हणा. चूक सापडते, सुधारता येते. वय झालं म्हटलं की कोणी शोधतच नाही. आणि डोकं चालत नाही म्हणता? गॅरेजवाल्याला नाही सापडलं, मला नाही सापडलं. आत्ता चालत्या गाडीत कोणी शोधून काढलं?’

तिने त्यांच्या हातातल्या टोपणाकडे बोट दाखवलं.

‘आता हे भोक मोकळं करा. तुम्ही बुजवलंय, तुम्हीच करा. मला जमणार नाही, तुमचं काम पक्कं असतं. लवकर, वेळ चाललाय.’

‘टोकदार काहीतरी द्या,’ ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच टोपणावर वाकले.

मी केसातली पिन काढून दिली. डावा हात त्यांनी छातीशी धरून ठेवला, टोपण मी दोन्ही हातांनी घट्ट पकडलं आणि त्यांनी उजव्या हाताने टेपचं ते दुमडलेलं टोक सोडवलं, लांबी उकरली. लांबी दगडासारखी झाली होती. पैलवान रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरून गाड्या थांबवत होता. जन्मात पहिल्यांदा तो पैलवान दिसला. शेवटी पिन आरपार गेली. नळवाल्यांनी टोपण तोंडाला लावून फुंकर मारली, पलीकडून वारा आला, आणि त्यांनी मान हलवली.

आम्ही बसलो. सूनबाईने इंजिन चालू केलं, पाय दाबला, आणि गाडीने आम्हाला सीटमध्ये मागे ढकललं. पत्र्याच्या पेटीच्या जागी ते उघडं इंजिन असं गरजत होतं की बोलणं शक्य नव्हतं. नळवाले नळीकडे बघत होते. दुसऱ्या वळणावर त्यांनी अंगठा वर केला, नळी गोल होती. तिसऱ्यावर परत. पाचव्यावर, जिथे पहिल्यांदा दम गेला होता, सूनबाईने गिअरसुद्धा उतरवला नाही.

आणि डिझेलचा वास आला. चांगला घमघमीत. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, टोपणाचं भोक मोकळं, प्रत्येक वळणावर चार थेंब बाहेर. माझ्या पोटात ढवळायला लागलं. मी खिडकी पूर्ण उघडली, तोंडावर रुमाल धरला आणि मनात म्हटलं, नाक गेलेलं नाही. वय नव्हतंच ते. सहाव्या वळणावर मला ओकारी आली ती मी पिशवीत काढली आणि पिशवीला गाठ मारली. समोर नळवाल्यांनी वळून बघितलं तेव्हा मी त्यांना अंगठा दाखवला.

आम्ही आत शिरलो तेव्हा सिस्टर घड्याळाखालीच उभ्या होत्या. काटा आमच्या वेळेवर होता, ना पुढे ना मागे. पैलवान धापा टाकत होता, माझे केस सुटलेले, नळवाल्यांचे हात काळे. सिस्टरने सगळ्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘आधी हात धुऊन या. मशीन तयार आहे.’

त्या आठवड्यात टोपणावर एक बारीक नळी बसली. नळवाल्यांनी खुर्चीत बसून सांगितली, गॅरेजवाल्याने बसवली, आणि एकदाही नळवाल्यांना कपाळाला हात लावावा लागला नाही. नळी टोपणातून निघते, गाडीच्या पोटाखालून जाते आणि मागच्या चाकापाशी मोकळी सुटते. वारा आत येतो, वास मागे पडतो. गॅरेजवाला आता पट्टी बुडवताना आधी कान टोपणाला लावतो. मी गॅलरीतून बघते.

परवा डॉक्टर राउंडला आले. नवीनच आहेत, तरुण, घाईत असतात. मी म्हटलं, चार दिवस झाले, रात्री पायात कळा येतात, झोप लागत नाही. त्यांनी फाइलवर माझं वय पाहिलं, हसले आणि म्हणाले, ‘मावशी, या वयात असं व्हायचंच.’ मीही हसले. मीसुद्धा मान डोलवून टाकली, काय सांगू! तेवढ्यात दारातून आवाज आला. सूनबाई आम्हाला न्यायला वर आली होती, हातात किल्ली, बोटांना डिझेलचा वास.

‘डॉक्टर, वय झालं ते झालंच,’ ती म्हणाली. ‘पण पाय बघितलात का?’

शेजारच्या खाटेवर नळवाल्यांनी डोळे उघडले. त्यांच्यापलीकडे पैलवान उठून बसला. डॉक्टरांनी तिघांकडे पाहिलं, दारातल्या चौथीकडे पाहिलं, मग फाइल खाली ठेवली, स्टूल ओढून माझ्या पायाशी बसले आणि म्हणाले, ‘दाखवा, नेमकं कुठे दुखतं?’